छाती उघडली की फुप्फुस मिटते

श्वसनाचा धडा शिकवताना दाखवतात तो घंटापात्राचा प्रयोग तुम्ही पाहिला असेल. काचेच्या पात्रात दोन फुगे, तळाला रबरी पडदा. पडदा खाली ओढला की आतला दाब कमी होतो व फुगे फुगतात. आता मनातल्या मनात त्या काचेला एक भोक पाडा. पडदा कितीही ओढा, फुगे फुगणार नाहीत!

अन्ननलिकेचा कर्करोग कापून काढू पाहणाऱ्यांपुढे हीच अडचण होती. ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची नळी श्वासनलिकेच्या व हृदयाच्या मागून जठराकडे उतरते. तिथवर पोचायला छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरे आणि फुप्फुस मिटे. दाबातला फरक पाण्याच्या जेमतेम पाच सेंटिमीटर उंचीएवढा, पण जीव जायला तेवढा पुरे.

झाउएरब्रुख या जर्मन शल्यविशारदाने १९०४ साली तोड काढली. रोग्याचे धड कमी दाबाच्या खोलीत, डोके बाहेर. शस्त्रक्रिया करणारेही खोलीतच! पुढे श्वासनलिकेत नळी घालून दाबाने हवा सोडण्याची सोपी रीत निघाली. तिच्या आधारे १९१३ मध्ये न्यूयॉर्कला फ्रान्झ टोरेक यांनी ६७ वर्षांच्या एका बाईंची रोगट अन्ननलिका काढली. मानेतले भोक व जठरातले भोक शरीराबाहेरून रबरी नळीने जोडले. बाई पुढे सुमारे तेरा वर्षे जगल्या.

आता जठराचीच अरुंद नळी करून वर ओढतात व अन्ननलिकेच्या उरलेल्या टोकाला शिवतात. जठराच्या कडेची रोहिणी मात्र जपावी लागते. रक्त कमी पडले तर सांधा गळतो.

आमच्या विरारमधील एक शेजारी कित्येक महिने भाकरी आमटीत कुस्करून खात होते. अन्ननलिका ताणली जाते, म्हणून ती बरीच अरुंद होईपर्यंत घास अडकत नाही. अखेर ते परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात गेले. (१९४१ साली सुरू झालेले हे रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे, याचे आम्हा भौतिकीवाल्यांना कौतुक!) रोग दूर पसरला नव्हता. आधी औषधांनी गाठ आक्रसवली, मग छातीला छोटी छिद्रे पाडून, दुर्बिणीतून पाहत शस्त्रक्रिया झाली. आत हात चालवायला जागा हवी म्हणून भूलतज्ज्ञांनी एक फुप्फुस मुद्दाम मिटवले होते. श्वास दुसऱ्यावर चालला.

आता ते थोडेथोडे, दिवसातून सहा वेळा जेवतात. जठराच्या तोंडाशी अन्न अडवणारा स्नायू शस्त्रक्रियेत गेला. त्याचे काम गुरुत्वाकर्षणाकडून करून घ्यायचे, म्हणून पलंगाची उशाकडची बाजू त्यांनी विटा लावून उंच केली आहे.