शेवटचं मत 2011 साली

जुबा : दक्षिण सुदानच्या लोकांनी शेवटचं मतदान केलं ते जानेवारी 2011 मध्ये. सार्वमताच्या मतपत्रिकेवर दोन चित्रं होती. हातात हात म्हणजे सुदानसोबत राहणं, उंचावलेला एकच हात म्हणजे वेगळं होणं. अक्षरओळख नसलेल्या लाखो माणसांनी अंगठा उठवला आणि 98.83 टक्के मतं त्या एका हातावर पडली. 9 जुलैला देश स्वतंत्र झाला. त्यानंतर या लोकांना कोणी काही विचारलेलंच नाही.

डिंका आणि नुएर या जमातींचं जुनं वैर, एवढं म्हणून बाहेरचे लोक इथल्या दुर्दशेचा विषय मिटवतात. मला ते मुळीच पटत नाही. तेढ आहेच; पण ती पेटवायला पैसा आणि बंदुका लागतात, आणि दोन्ही पुढाऱ्यांच्याच हाती होत्या. स्वातंत्र्याच्या वेळी सरकारचं सुमारे 98 टक्के उत्पन्न तेलाचं होतं. विहिरी इथे, पण तेल बंदराला जातं ते सुदानमधून. त्या वाहतुकीच्या आकारणीवरून सुदानशी बिनसलं आणि जानेवारी 2012 मध्ये उत्पादनच थांबवलं गेलं. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर यांनी 75 आजी-माजी अधिकाऱ्यांना पत्र धाडलं : सुमारे चार अब्ज डॉलरचा हिशेब लागत नाही, नेलेला पैसा परत करा. सत्ता मिळताच आपण कशासाठी लढलो ते विसरलो आणि स्वतःची धन केली, ही कबुलीही त्याच पत्रात होती.

सुदानच्या सरकारशी बावीस वर्षं रानात लढलेल्या सेनानींना देश हा त्या लढाईचा मोबदला वाटला, असं माझं मत झालं आहे. मग भांडण उरलं ते वाट्याचं. जुलै 2013 मध्ये कीर यांनी उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांना काढलं. डिसेंबरात राजधानी जुबात गोळीबार सुरू झाला, माचार यांच्या नुएर जमातीतल्यांना घराघरांतून शोधून मारलं गेलं, हजारोंनी संयुक्त राष्ट्रांच्या तळांत आसरा घेतला. सूड म्हणून अकोबो गावातल्या अशाच तळावर हल्ला झाला, त्यात भारताचे दोन शांतिसैनिक गेले. पुढच्या चार-साडेचार वर्षांत युद्ध, भूक आणि रोगराईने सुमारे 3 लाख 83 हजार माणसं दगावली, असा 2018 चा एक अभ्यास सांगतो.

त्याच वर्षी कीर आणि माचार यांच्यात शांतता करार झाला. माचार पुन्हा उपराष्ट्राध्यक्ष झाले, मार्च 2025 मध्ये त्यांना नजरकैदेत टाकलं गेलं. डिसेंबर 2024 ची निवडणूक डिसेंबर 2026 वर ढकलली गेली. जनगणना झालेली नाही, कायमची राज्यघटना तयार नाही, अशी कारणं सरकारने दिली. ही दोन्ही कामं 2018 च्या करारात याच सरकारने अंगावर घेतली होती.