छोट्या विमानाचा रेडिओ बिघडला तर?

आमच्या बुटीबोरीहून नागपूरला जाताना वर्धा रोडवर सोनेगावचा विमानतळ लागतो. नागपूर फ्लाइंग क्लबकडे सेस्ना १५२ ही दोन जणांची छोटी विमाने आहेत. असे विमान बनवणे १९८५ साली बंद झाले. तेव्हा माझे बाबा लहान होते.

वैमानिक टॉवरशी रेडिओवर बोलतो. विमानाच्या टपावर अँटेना असतो. त्याच्या बुडाशी पाणी गेले की गंज चढतो अन् नुसती खरखर येते.

टॉर्च लागला नाही तर आपण आधी दुसरे सेल टाकून पाहतो. तसेच इथे. विमान जमिनीवर असताना मिस्त्री आधी आवाजाचे बटण अन् हेडफोनची पिन बघतो. विमानात दोन रेडिओ असतील तर त्यांच्या अँटेनाच्या वायरी अदलाबदल करतो. खरखर दुसऱ्या रेडिओत गेली तर दोष अँटेनात किंवा वायरीत. नाही गेली तर रेडिओतच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाही तर काय बिघडले ते समजतच नाही.

अन् उडताना रेडिओ बंद पडला तर? टॉवरवरून दिवा दाखवतात. स्थिर हिरवा म्हणजे उतरा. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्या विमानाला वाट द्या, घिरट्या घाला. म्हणून आपण पाढे पाठ करतो तसे वैमानिक हे दिवे पाठ करतात.

— इयत्ता ४ थी