ट्रायक्लोरोसिलेन : धोका साफसफाईच्या वेळचा

सौर पॅनेलची संपूर्ण उत्पादनसाखळी देशातच उभी राहावी यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये १९,५०० कोटी रुपयांच्या प्रोत्साहन योजनेचा दुसरा टप्पा मंजूर केला, आणि तेव्हापासून पॉलिसिलिकॉन, म्हणजे पॅनेलसाठी लागणारे अतिशुद्ध सिलिकॉन, गुंतवणुकीच्या बातम्यांत वरचेवर झळकते. ते प्रामुख्याने ज्या द्रवापासून बनते त्या ट्रायक्लोरोसिलेनविषयी मात्र या बातम्या सहसा बोलत नाहीत.

सिलिकॉन, हायड्रोजन आणि क्लोरीन यांचे हे संयुग सुमारे ३२ अंश सेल्सिअसला उकळते. विदर्भातील उन्हाळ्यात ते उघड्या भांड्यात टिकणारच नाही. त्याची हवेहून जड वाफ जमिनीलगत पसरून सहज पेट घेते, आणि पाण्याशी किंवा कोकणातल्यासारख्या दमट हवेशी गाठ पडताच हायड्रोजन क्लोराइडचा धूर सुटतो, जो डोळे, घसा व फुफ्फुसे भाजून काढतो. ज्वलनशील, क्षरणकारी आणि पाण्याशी धोकादायक अभिक्रिया करणारा असे तिन्ही शिक्के वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या एकाच द्रवावर बसलेले आहेत. त्याच्या आगीवर पाणी मारणे घातक ठरते, तिथे विशिष्ट प्रकारचा फेस लागतो.

तरीही खरा धोका कारखान्याच्या चालू असलेल्या उंच मनोऱ्यांत नसून शटडाउनच्या काळातील देखभालीत असतो, असे जपानमधील योक्काइचीची दुर्घटना सुचवते. मित्सुबिशी मटेरियल्सच्या तेथील पॉलिसिलिकॉन कारखान्यात ९ जानेवारी २०१४ रोजी, साफसफाईसाठी आधीच बाजूला काढलेल्या हीट एक्सचेंजरचे, म्हणजे उष्णतेची देवाणघेवाण करणाऱ्या यंत्राचे, झाकण उघडताना स्फोट होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. यंत्राच्या आत क्लोरोसिलेनचे चिकट बहुवारिक, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचा थर, साचला होता. दमट नायट्रोजन सोडून तो निष्प्रभ करण्याची, म्हणजेच जलअपघटनाची, प्रक्रिया केलीही गेली होती. पण कमी तापमानात झालेल्या या जलअपघटनातून जे पदार्थ तयार झाले ते कोरडे होताच धक्क्याने भडकणारे निघाले. सुरक्षेसाठी केलेला उपायच अशा रीतीने स्फोटकाचा कारखाना ठरला, आणि तोही चालू उत्पादनाशी संबंध तुटलेल्या एका यंत्रात.

भोपाळ वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात केलेल्या दुरुस्तीने धोक्यांची माहिती कामगारांना देणे व्यवस्थापनावर बंधनकारक केले, परंतु मूळ द्रवाचे माहितीपत्रक हाती दिल्याने साचलेल्या थराचे गुणधर्म कळत नाहीत. अनुदानाच्या चर्चेत मेगावॅट मोजणाऱ्यांनी म्हणूनच झाकण उघडण्याच्या परवान्याचाही नमुना मागून पाहावा : त्यात आतील पदार्थाच्या तपासणीचा रकाना आहे, की फक्त हेल्मेट आणि हातमोज्यांचा?