तिरळेपणा : नशीब नव्हे, आजार!

बेलापुरातील माझ्या दवाखान्यात एक आजी पाच वर्षांच्या नातवाला खोकल्यासाठी घेऊन आल्या. त्याचा डावा डोळा नाकाकडे वळलेला होता. आजी म्हणाल्या, "तिरळा म्हणजे नशीबवान, डॉक्टर! मोठेपणी होईल सरळ." मी त्याचा उजवा डोळा झाकला. भिंतीवरच्या कॅलेंडरातले ठळक आकडेही त्याला ओळखता येईनात.

असे का होते? दोन डोळे दोन दिशांना वळले, की मेंदूकडे दोन वेगळी चित्रे जातात. गोंधळ टाळण्यासाठी लहान मुलाचा मेंदू तिरळ्या डोळ्याच्या चित्राकडे दुर्लक्ष करतो. हळूहळू त्या डोळ्याची नजर मंदावते.

हे मोजताही येते. डोक्याच्या मागच्या बाजूला तारा चिकटवून पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे, काळ्याचे पांढरे होणारे चौकोन दाखवतात. निरोगी डोळ्याने पाहिल्यास सुमारे एक दशांश सेकंदात मेंदूत सूक्ष्म विद्युत लहर उमटते. मंद डोळ्याची लहर बहुधा लहान असते व उशिराही येते.

अर्थात, प्रत्येक मुलाला ही तपासणी लागत नाही. नेत्रतज्ज्ञ साध्या तपासणीनेही निदान करतात. चष्मा, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया, असे उपचार आहेत. मात्र नुसत्या शस्त्रक्रियेने डोळा सरळ दिसतो, गेलेली नजर परत येत नाही. सात-आठ वर्षांच्या आत पट्टीचा गुण चांगला येतो. पुढे तो कमी होत जातो.

त्या नातवाला आता पट्टी सुरू आहे. ती बांधून घेताना तो रडतो. पण आजीच समजूत घालतात.