अजिंठ्याच्या उलट दिशेला

जळगावच्या स्टेशनावर सकाळच्या गाडीने पाठीवर बोजे घेतलेले परदेशी पाहुणे उतरतात. टॅक्सीवाले पुढे होतात, आणि त्यांचा प्रश्न एकच असतो, "अजंता?" साठेक किलोमीटरवरच्या लेण्यांकडे गाडी दक्षिणेला पळते, संध्याकाळी परत येते आणि पाहुणे रात्रीच्या गाडीने पुढे जातात. मधली काळी जमीन, कपाशी, केळीच्या बागा हे सारं त्यांच्या खिडकीतून नुसतं सरकून जातं. परदेशी लोकांना कशाला नावं ठेवायची? आपण तरी काय वेगळं करतो!

गेल्या जानेवारीत आम्ही मात्र उलट दिशेला निघालो. कारण झालं लेकीच्या प्रश्नाचं. बहिणाबाईंची कविता वाचता वाचता तिने विचारलं, "बाबा, मोट म्हणजे बकेट ना?" मी होही म्हणालो नाही आणि नाहीही. खरं सांगायचं तर मोट मीही चित्रातच पाहिलेली.

असोदा जळगावपासून जेमतेम पाच-सहा किलोमीटर. बहिणाबाईंचा जन्म १८८० साली इथल्या महाजनांच्या घरात झाला. लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींकडे गेल्या. अक्षरओळख नव्हती, जात्यावर आणि शेतात काम करताना ओव्या सुचत, घरातलं कुणी त्या टिपून ठेवी. १९५१ साली त्या गेल्या. मुलगा सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली, आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' महाराष्ट्राच्या हाती आली. जळगावच्या चौधरी वाड्यात त्यांच्या संसारातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. सकाळी आधी तिथे जावं. पण जातं काचेमागे असो की मोकळं, ते गप्पच असतं. त्याला बोलतं करायला माणूस लागतो.

आमचा माणूस म्हणजे सौभाग्यवतींचे असोद्याचे मामा, ऐंशीच्या घरातले. बेत ऐकून ते हसलेच. "मयात काय पाह्याचं हाये, जवाईबुवा?" इकडच्या बोलीत 'ळ'चा 'य' होतो, मळा तो मया, केळी त्या केयी. मुलांना या गोष्टीची फार गंमत वाटली.

मळ्यात विहीर होती, पण तिच्यावर मोटर. बागेत ठिबकच्या नळ्या. मोटेची खूण एवढीच, की काठावरच्या दगडावर दोराने खोल चरा पाडलेला. मामांनी त्या चऱ्यात बोट ठेवलं, आणि पुढची वीस मिनिटं काही वेगळंच घडलं. चाक इथे, थारोळं इथे. नाडा जाड, तो मोटेचं तोंड धरतो. सोंदूर बारीक, तो खालची सोंड धरतो. बैल उतारावरून खाली गेले की भरलेली मोट वर, मागे सरले की रिकामी आत. सांगता सांगता मामा स्वतःच उलट्या पावलांनी मागे सरू लागले. हातात अदृश्य कासरा, तोंडाने बैलांना चुचकारणं. लेक त्यांच्या मागोमाग तशीच उलटी चालत होती. बकेटचा विषय तिथेच संपला.

दुपारी भरीत. असोदा-भादली-बामणोदच्या पट्ट्यातली हिरवट-पांढरी मोठाली वांगी, चुलीवर नव्हे, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची. मग सालं काढून हिरव्या मिरच्या-लसणासकट लाकडी बडगीत ठेचायची. वर कांद्याची पात, शेंगदाणे आणि मोकळ्या हाताने तेल. सोबत कळण्याची भाकरी. जळगावच्या या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मिळालं ते चांगलंच झालं, पण त्या कागदाला पऱ्हाटीच्या धुराचा वास नाही.

जेवताना मी मामांना व्हिएतनाममधल्या त्रा क्वे गावाबद्दल सांगितलं. होई आन या जुन्या बंदराच्या शहराजवळ ते भाजी पिकवणाऱ्यांचं गाव. शहर बघायला आलेले प्रवासी एक दिवस तिथे जातात, खांद्यावर कावड घेऊन झाऱ्यांनी वाफे शिंपतात, गावकऱ्यांच्या हातचं जेवतात आणि त्याचे पैसे मोजतात. २०२४ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने त्या गावाला उत्तम पर्यटन-गावांच्या यादीत घेतलं. आपल्या राज्याचंही २०२० पासून कृषी पर्यटनाचं धोरण आहे. मग असोद्यात का नको? गावातल्या चार पोरांनी वाट दाखवायची, मामांसारख्यांनी विहिरीवर बसून बोलायचं, आणि दोघांनाही मोबदला.

मामा गंभीर झाले. "पाव्हन्याकडून पैसे घ्यायचे?"

यावर आमचा वाद झाला, आणि तो मिटला नाही. मला वाटतं, घ्यावेत. व्याख्यात्याला मानधन देतो, मग मोट समजावणाऱ्याला का नको? फुकटच्या कौतुकाने कुणाचा नातू गावात राहत नाही. आणि मामांच्या पिढीनंतर बहिणाबाईंच्या ओव्या वाचायला शब्दकोश घेऊन बसावं लागेल, ही काही दूरची गोष्ट नाही. मामांचं म्हणणं एवढंच, की आलेल्याला जेवू घालणं हा धंदा झाला, तर तो आलेला पाहुणा उरत नाही. त्यांचंही खोटं म्हणवत नाही.

निघताना त्यांनी पिशवीभर वांगी गाडीत ठेवली. पैशांचं नाव काढायची माझी छाती झाली नाही. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या बारीले ये. मोटंचा नाडा मायावर पडेल हाये, काहाडून ठेवतो."

मी 'मायावर'ला अडखळलो. लेक गाडीत बसता बसता म्हणाली, "माळ्यावर हो, बाबा!"