दंतवैद्याचें भय आणि ‘हास्यवायु’

“दांत दुखत नाहीं, गुरुजी,” असें सुजलेल्या गालावर हात ठेवून सांगणारा विद्यार्थी आम्हां शिक्षकांस नवा नाहीं. त्यास दुखण्यापेक्षां दंतवैद्याचें भय अधिक असतें. हें भय शमविणाऱ्या एका वायूची माहिती येथें थोडक्यांत देत आहें.

नायट्रस ऑक्साइड हा रंगहीन व किंचित् गोडसर वासाचा वायु होय. जोसेफ प्रीस्टली यानें तो १७७२ सालीं तयार केला. शस्त्रक्रियेंत वेदनाशमनासाठीं याचा उपयोग व्हावा, असें हंफ्री डेव्ही यानें १८०० सालींच सुचविलें. परंतु पुढें चाळीस वर्षांहून अधिक काळ लोक तो केवळ हसण्याच्या करमणुकीसाठीं हुंगत राहिले. १० डिसेंबर १८४४ रोजीं अमेरिकेंतील हार्टफर्ड येथें अशाच एका खेळांत पायास जखम होऊनही एका मनुष्यास वेदना झाली नाहीं, हें होरेस वेल्स या दंतवैद्यानें पाहिलें. दुसऱ्याच दिवशीं त्यानें तो वायु घेऊन स्वतःची दाढ काढवून घेतली!

हल्लीं मुलांस हा वायु शुद्ध स्वरूपांत न देतां प्राणवायूंत मिसळून देतात. नाकावर लहानसा मुखवटा ठेवून प्रथम केवळ प्राणवायु, मग हळूहळू हा वायु सोडतात. त्याचें प्रमाण सहसा शेंकडा ५० पेक्षां अधिक नसतें. कांहीं मिनिटांत अंग हलकें वाटतें व भीति ओसरते. मात्र मूल जागें असतें व विचारल्यास उत्तरही देतें. हिरडी बधिर करण्याची सुई बहुधा टळत नाहीं, पण ती सुसह्य होते. शेवटीं सुमारें पांच मिनिटें पुन्हा केवळ प्राणवायु दिला म्हणजे अंमल उतरतो. क्वचित् मळमळ होते. नाक चोंदलें असल्यास हा उपाय साधत नाहीं. म्हणून सर्दी किंवा इतर आजार असेल तर तो वैद्यास आधींच सांगावा.

पालकांस एक विनंति आहे. “ऐकलें नाहींस तर दांत उपटवीन,” असा धाक मुलांस कधींही घालूं नये. “कांहींच होणार नाहीं,” असें खोटेंही सांगूं नये. काय होणार तें खरें सांगावें, आणि नाकानें संथ श्वास घेण्याची संवय घरींच करवावी. ज्या मुलाचा आपल्या आईबापांच्या शब्दावर विश्वास आहे, तें दंतवैद्याच्या खुर्चीवरही धीरानें बसतें.