काका, चिठ्ठीशिवाय द्या ना!

वीकेंडला लेण्याद्रीला गेलो आणि मेडिकलच्या काउंटरवर एक धडा शिकून आलो.

शनिवारची सकाळ, दोन बाइक्स, चार जण. डेस्टिनेशन लेण्याद्री. पुण्यातून पहाटे निघालं की नाश्ता नारायणगावात आणि दर्शन ऊन चढायच्या आत, असा आमचा फंडा. पावणेतीनशेच्या वर पायऱ्या माकडांपासून पाकिटं सांभाळत चढलो, गिरिजात्मजाला नमस्कार केला, भरपूर फोटो काढले. उतरताना मात्र आमच्यातल्या एकाची कंबर धरली. आठवडाभर खुर्चीत दहा-दहा तास बसणाऱ्याची कंबर, दुसरं काय होणार?

जुन्नरमध्ये दिसलं ते पहिलं मेडिकल गाठलं.

"काका, ट्रामाडॉलची एक स्ट्रिप द्या."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाहीये. पण पुण्यात आमचा मेडिकलवाला देतो की!"

"तो देत असेल. मी नाही देत. डॉक्टर इथं पुढेच बसतात, दाखवून या. मी फोन करून ठेवतो त्यांना."

मित्र भडकला. आयटीत पोस्ट काय, पॅकेज काय, आणि इथे एका स्ट्रिपसाठी एवढी चौकशी! बाहेर येऊन पुटपुटला, "दोन महिने घेतोय यार, काही होत नाही."

दोन महिने? आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. रोज एकत्र चहा पिणाऱ्या आम्हाला याचा पत्ताच नव्हता.

आता मंडळी, मुद्द्यावर येऊ. ट्रामाडॉल हे अफूच्या घराण्याशी नातं सांगणारं वेदनाशामक. डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपयोगी, पण सवय लावणारं. म्हणूनच एप्रिल २०१८ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली, म्हणजे एनडीपीएसखाली आणलं गेलं. चोरटा माल वेगळा आणि हे वेगळं. हे औषध रीतसर कारखान्यात बनतं, रीतसर परवान्यावर दुकानात येतं आणि मग ज्याच्यासाठी आहे त्याच्याऐवजी भलत्याच्याच हातात पडतं. या वाट चुकण्याला 'डायव्हर्जन' म्हणतात.

आपल्याकडे हे कुठे होतं, असं वाटत असेल तर मालेगावची 'कुत्ता गोळी' आठवा. नाव भयंकर, पण गोळी आपली ओळखीचीच: अल्प्राझोलम. एरवी तीच गोळी अँग्झायटीसाठी लिहून दिली जाते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये गेल्या काही वर्षांत पोलिसांनी मेफेन्टरमिन इंजेक्शनचा साठा पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. ऑपरेशनच्या वेळी पेशंटचं घसरलेलं बीपी वर आणायचं हे औषध, जिममध्ये 'स्टॅमिना' म्हणून टोचून घेतलं जात होतं! केंद्र सरकारसाठी 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्या घेणारे सुमारे १.१८ कोटी लोक निघाले. हे सगळे काही नाक्यावरचे टपोरी नव्हेत. त्यात तुमच्या-माझ्या शेजारच्या क्युबिकलमधलेही असणार.

गळती होते कुठून? जुनीच चिठ्ठी पुन्हापुन्हा फिरवली जाते. एकच दुखणं घेऊन तीन डॉक्टरांकडून तीन चिठ्ठ्या मिळवल्या जातात. कुठे होलसेलमधून बिलाशिवाय खोकी निघतात. आणि सगळ्यात सोपं ठिकाण म्हणजे घरातलं कपाट. आजीच्या ऑपरेशननंतर उरलेली अर्धी स्ट्रिप तिथे वर्षभर पडलेली असते.

कायदा तसा झोपलेला नाही. मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच वन' लागू आहे. अल्प्राझोलम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल अशी औषधं विकताना केमिस्टने डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. डॉक्टरने चिठ्ठीवर तसं लिहिलेलं नसेल, तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध मिळतं. महाराष्ट्रात तर महेश झगडे एफडीएचे आयुक्त असताना, २०११ नंतरच्या काळात, 'फार्मासिस्ट हजर नसेल तर विक्री बंद' अशी मोहीमच निघाली होती. त्यावर केमिस्टांनी निषेध म्हणून दुकानंही बंद ठेवली होती.

पण रजिस्टर भरलं म्हणजे प्रश्न सुटला का? रजिस्टर एका दुकानाचं असतं, माणूस मात्र पाच दुकानं फिरतो. इथे कामाला येतो तो काकांचा फोन. डॉक्टर आणि फार्मासिस्ट एकमेकांशी बोलले, की अर्धी गळती तिथेच बंद.

अडचण अशी, की दोघांचं ट्रेनिंग होतं वेगवेगळ्या हॉलमध्ये. राज्यातल्या डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट अवर्स जमवावे लागतात. फार्मासिस्टांसाठी २०१५ च्या नियमावलीत पाच वर्षांत किमान दोन रिफ्रेशर कोर्स सांगितलेत. मग तालुक्याच्या डॉक्टरांनी आणि केमिस्टांनी वर्षातून एकदा एकाच हॉलमध्ये बसायला काय हरकत आहे? गोळ्यांचा आकडा अक्षरातही कसा लिहायचा, शंका आली तर कुणी कुणाला फोन करायचा, गिऱ्हाइकाला चोर न ठरवता 'नाही' कसं म्हणायचं, व्यसन दिसलं तर कुठे पाठवायचं, एवढ्याचीच उजळणी करायची. जुन्नरच्या लेण्यांतला एक शिलालेख सांगतो, की धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्या काळच्या असोसिएशननेच, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दान दिली. दोन हजार वर्षांपूर्वी एका धंद्यातली माणसं मिळून एवढं करू शकत होती, तर आपल्याला एक दिवसाची कार्यशाळा जड जाऊ नये.

मात्र नुसता धाक दाखवून भागत नाही, हेही इथे सांगायला हवं. १९८५ मध्ये एनडीपीएस कायदा आला आणि त्याच्या कटकटींना घाबरून हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर जवळपास ९७ टक्क्यांनी घसरला. शिक्षा झाली ती कॅन्सरच्या पेशंटला. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांनी २०१४ मध्ये कायदा बदलला आणि परवान्यांचं जंजाळ कमी झालं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून अशा पेशंट्सची मोफत काळजी घेतंय. थोडक्यात, ट्रेनिंग हवं ते दोन्हीसाठी: नको त्याला 'नाही' म्हणायला आणि हवं त्याला न घाबरता द्यायला.

आमच्या हिरोचं काय झालं? डॉक्टरांनी कंबर तपासली आणि मग शांतपणे विचारलं, "किती दिवस घेताय?" याने खरं सांगितलं. न ओरडता ते म्हणाले, "एकदम बंद करू नका, त्रास होईल. हळूहळू कमी करू. पुण्यात गेल्यावर तुमच्या डॉक्टरांना हेच सांगा." चिठ्ठीवर आकड्यात आणि अक्षरात लिहिलं: सहा. काकांनी मोजून सहा गोळ्या दिल्या, चिठ्ठीवर शिक्का मारला, रजिस्टरमध्ये नाव लिहिलं आणि म्हणाले, "आता पुण्यातल्या त्या मेडिकलवाल्याकडे जाऊ नका."

परतताना बाइक मी चालवली. मागे बसलेला तो राजगुरुनगरपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "काका बरोबर होते यार."

एवढं करा
० आपली चिठ्ठी आणि आपल्या गोळ्या मित्राला 'ट्राय कर' म्हणून देऊ नका.
० स्ट्रिपवर लाल चौकटीतली सूचना दिसली तर आधी ती वाचा.
० घरात उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं ते फार्मासिस्टला विचारा.
० गोळी सुटत नसेल तर लाजू नका. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' आहेच.